फरकाची पैज

महालक्ष्मीच्या मैदानावर एखाद्या घोड्यावर शंभर रुपये लावून कठड्याशी उभ्या राहिलेल्या मनुष्याचे ग्रह कितीही फिरले, त्याचा घोडा सर्वांच्या मागून रखडत आला किंवा सुटण्याच्या जागीच अडून बसला, तरी त्याचे जायचे ते शंभरच रुपये जातात. घोडा नाकाच्या शेंड्याने हरला की फर्लांगभर मागे राहिला, याची विचारपूस त्याच्या खिशापाशी कोणी करीत नाही. मटक्याचा आकडा असो, सोडतीचे तिकीट असो, की पत्त्यांच्या डावावर मांडलेली रक्कम असो, जुन्या पद्धतीच्या बहुतेक पैजांत औदार्याचा हा एक अंश असतो: मनुष्य चुकला एवढेच त्या पाहतात, किती चुकला याचे माप काढीत बसत नाहीत. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात लंडन शहरी उदयास येऊन प्रथम तेथील सराफ्यात आणि मागाहून क्रीडांगणांवर स्थिरावलेल्या ‘स्प्रेड बेटिंग’ या प्रकाराने नेमके हेच माप काढावयास आरंभ केला, आणि एवढ्या एका फेरफाराने पैजेचे गणित, पैज लावणाऱ्याची जोखीम आणि पैजेसंबंधीचा कायदा ही तिन्ही मुळापासून बदलली.

या व्यवहाराचे बाह्य रूप अगदी साधे आहे. कसोटी सामन्यात एखाद्या संघाच्या पहिल्या डावात किती धावा होतील यासंबंधी पैज घेणारी पेढी दोन आकडे जाहीर करते. समजा, ३६० आणि ३७५. धावा याहून अधिक होतील असे ज्याचे अनुमान असेल त्याने वरच्या आकड्याने, म्हणजे ३७५ या दराने, ‘खरेदी’ करावी. संघ लवकर गारद होईल असे ज्यास वाटत असेल त्याने खालच्या आकड्याने, म्हणजे ३६० या दराने, ‘विक्री’ करावी. आणि दर धावेमागे किती पौंड, हे ज्याचे त्याने ठरवावे. धावेमागे दहा पौंड ठेवून खरेदी करणाऱ्याच्या दैवाने डाव ४२५ वर आटोपला, तर पन्नास धावांचे पाचशे पौंड त्याच्या पदरात पडतात. तोच डाव ३०० वर आटोपला, तर पंचाहत्तर धावांचे साडेसातशे पौंड त्याच्याकडून वसूल होतात. फुटबॉलमध्ये पहिला गोल कितव्या मिनिटास होईल, पंच किती खेळाडूंना ताकीद देईल, येथपर्यंत ही मोजणी पोचली असून, या शेवटच्या सदरात पिवळ्या कार्डास १० आणि तांबड्या कार्डास २५ गुण धरण्याची रीत आहे. जे जे आकड्यांत मांडता येते, ते ते या व्यवहाराच्या कक्षेत येते.

हे सूत्र पराकोटीस गेले म्हणजे काय घडू शकते, याचे उदाहरण म्हणून १९९७ सालच्या ऑगस्टात कोलंबोच्या प्रेमदासा स्टेडियमवर झालेला भारत-श्रीलंका कसोटी सामना घेता येईल. भारताने ८ बाद ५३७ धावांवर आपला डाव घोषित केला होता, आणि श्रीलंकेच्या ३९ धावा झाल्या असता मुंबईचा फिरकी गोलंदाज नीलेश कुलकर्णी याने कसोटी क्रिकेटमधील आपल्या पहिल्याच चेंडूवर मर्वन अटापट्टू यास बाद केले. आता अशी कल्पना करावी की, कोणी एका गृहस्थाने श्रीलंकेच्या डावाची ३६० या दराने, धावेमागे दहा पौंड ठेवून, विक्री केली आहे. त्या चेंडूसरशी तो स्वतःच्या दूरदृष्टीवर खूष झाला असता, तर त्यास दोष देता आला नसता. परंतु त्यानंतर सनथ जयसूर्या आणि रोशन महानामा यांची जी जोडी जमली ती ५७६ धावांची भागीदारी करूनच फुटली. दुसरा गडी पडला तेव्हा फलकावर ६१५ धावा लागल्या होत्या. कुलकर्णीला त्या डावात पुन्हा बळी मिळाला नाही. आणि जयसूर्याच्या ३४० व महानामाच्या २२५ धावांसह श्रीलंकेने ६ बाद ९५२ हा कसोटी क्रिकेटमधील आजवरचा उच्चांक गाठला. आमच्या काल्पनिक गृहस्थाचे अनुमान ५९२ धावांनी चुकले, म्हणजे त्याच्या अंगावर ५,९२० पौंड आले. त्यापूर्वीच्या नऊ सामन्यांत प्रत्येक वेळी चाळीस धावांच्या फरकाने त्याचे भाकीत खरे ठरून त्याने ३,६०० पौंड गाठीस बांधले असते, तरीही दहाव्या खेपेच्या या एका चुकीने ते सर्व धुऊन नेऊन वर २,३२० पौंडांचे देणे त्याच्या माथी ठेवले असते. दहांपैकी नऊ वेळा बरोबर ठरणारा मनुष्य निर्धन होऊ शकतो, ही गोष्ट साध्या पैजेच्या हिशेबाने विचार करणाऱ्यास चमत्कारिक वाटेल. स्प्रेड बेटिंगमध्ये मात्र किती वेळा बरोबर ठरलात यापेक्षा चुकलात तेव्हा कितीने चुकलात, हाच प्रश्न निर्णायक असतो.

खरेदीचा आणि विक्रीचा असे दोन आकडे का, याचे उत्तर पेढीच्या उपजीविकेत आहे. सराफ ज्या भावाने सोने विकतो त्याच भावाने ते परत घेत नाही आणि त्या दोन भावांमधील अंतरावर त्याचे दुकान चालते. तद्वत ३६० आणि ३७५ यांच्या मधल्या पंधरा धावा ही पेढीची मिळकत होय, आणि हे अंतर म्हणजेच ‘स्प्रेड’. डाव ३७० वर संपला, तर ३६० ला विकणारा आणि ३७५ ला घेणारा असे दोघेही नुकसानीत जातात आणि फायदा एकट्या पेढीचा होतो. व्यवहार शेवटापर्यंत धरून ठेवण्याची सक्ती मात्र नसते. खेळ चालू असता आकडे सारखे वरखाली होत राहतात आणि ग्राहकास चालू भावाने उलट व्यवहार करून मध्येच मोकळे होता येते. आपल्या गृहस्थाने श्रीलंकेच्या पहिल्या तीनशे धावा पाहूनच हाय खाऊन जो असेल त्या भावाने खरेदी केली असती, तर नुकसान झाले असते खरे, पण ते तेथेच गोठले असते. भारतातील क्रिकेटच्या बेकायदा सट्ट्यातही ‘सेशन’च्या धावांचे भाव अशाच दोन आकड्यांत बोलले जातात, परंतु तेथे अनुमान साधले की ठरीव रक्कम मिळते आणि हुकले की ठरीव रक्कम जाते, चुकीच्या प्रमाणात देणे वाढत नाही. तेव्हा बाह्य साम्यावरून या दोहोंची गल्लत करणे योग्य नव्हे.

अशीच गल्लत अमेरिकेतील प्रकाराशीही होण्याचा संभव आहे. तेथे ‘पॉइंट स्प्रेड’ची कल्पना रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः चार्ल्स मॅक्नील या कनेटिकटमधील गणिताच्या शिक्षकास दिले जाते, जो पुढे १९४०च्या दशकात शिकागोत पैजांचा व्यवसाय करू लागला. दोन संघ विषम बळाचे असले म्हणजे दुबळ्या संघावर कोणी पैसे लावीत नाही. तेव्हा बलवान संघ अमुक गुणांहून अधिक फरकाने जिंकेल काय, असा प्रश्न घातला की दोन्ही बाजूंस गिऱ्हाईक मिळते. येथे फरक मोजला जातो तो केवळ हार-जीत ठरविण्यासाठी. रक्कम ठरलेलीच असते, आणि शंभर डॉलर जिंकण्यासाठी बहुधा एकशेदहा डॉलर पणास लावावे लागत असल्यामुळे, शंभरांत सुमारे ५२.४ वेळा बरोबर ठरल्याविना ग्राहकाचा खर्चही भरून निघत नाही. पेढीवाल्यांनाही या रेषेने एकदा चांगलाच हात दाखविला. जानेवारी १९७९ मधील सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम लढतीत पिट्सबर्गच्या संघास प्रथम साडेतीन गुणांचे ओझे देण्यात आले होते; त्याच्यावर फार पैसे येऊ लागल्यामुळे ते साडेचारांपर्यंत वाढविण्यात आले, तेव्हा लोक डॅलसकडे वळले; आणि पिट्सबर्गने सामना ३५-३१ असा, नेमक्या चार गुणांनी जिंकल्यामुळे, आधी पिट्सबर्गवर आणि मागाहून डॅलसवर लावणारे दोघेही जिंकले. लास व्हेगासच्या पैजवाल्यांत तो दिवस ‘काळा रविवार’ म्हणून ओळखला जातो.

फरकावर पैसा लागू लागला की फरकाशी खेळण्याचा मोहही उत्पन्न होतो, आणि तो मोह सामना हरण्याच्या लाचेहून सूक्ष्म असतो. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजच्या ज्या बास्केटबॉल संघाने १९५० साली एकाच हंगामात दोन्ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकल्या, त्याच संघातील खेळाडूंना पुढल्या वर्षी अटक झाली, ती गुणांचा फरक ठरल्यापेक्षा कमी राखण्यासाठी पैसे घेतल्याच्या आरोपावरून. लाच घेऊनही सामना जिंकता येतो, आणि म्हणून विवेकाला फारशी टोचणी लागत नाही, हा त्यातील धोका. इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनचा नामांकित फुटबॉलपटू मॅट ल टिसिए याने २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात असे कबूल केले की, एप्रिल १९९५ मध्ये विंबल्डनविरुद्धच्या सामन्यात, पहिला थ्रो-इन किती सेकंदांनी होईल या स्प्रेड बेटवर पैसे लावून, खेळ सुरू होताच चेंडू रेषेबाहेर घालविण्याचा त्याने यत्न केला. पण आपल्या या बेताची कल्पना नसलेल्या सहकाऱ्याने तो चेंडू मोठ्या तत्परतेने मैदानातच राखला, आणि पुढे प्रत्येक सेकंद पैशांत मोजला जात असल्यामुळे ल टिसिएला चेंडू बाहेर काढण्यासाठी धावाधाव करावी लागली. अखेर त्याचा ना नफा झाला, ना तोटा. ज्या पैजेत काळ हाच दर असतो, तीत एका भाबड्या सहकाऱ्याची निष्ठाही केवढी महाग पडू शकते, याचे हे मासलेवाईक उदाहरण होय.

खेळांकडे स्प्रेड बेटिंगचा हा प्रकार वळला तो १९९२ साली स्थापन झालेल्या स्पोर्टिंग इंडेक्ससारख्या पेढ्यांमुळे. त्याचा मूळ जन्म मात्र सोन्याच्या बाजारातला. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये परकीय चलनावर कडक निर्बंध होते, आणि सामान्य ब्रिटिश नागरिकास सोन्यात पैसे गुंतवावयाचे तर त्यासाठी लागणाऱ्या डॉलरांवर भारी अधिमूल्य भरावे लागे. स्टुअर्ट व्हीलर या कायद्याचे शिक्षण घेतलेल्या, बँकेत नोकरी केलेल्या आणि पत्त्यांत पारंगत असलेल्या गृहस्थाने १९७४ मध्ये आयजी इंडेक्स ही कंपनी काढून यातून वाट शोधली, ती अशी की सोने घ्यावयाचेच नाही. सोन्याचा भाव वर जाईल की खाली, आणि कितीने, यावर केवळ पैज लावावयाची. धातू हलत नाही, चलन देशाबाहेर जात नाही, आणि तरीही भावाच्या चढउताराचा नफा-तोटा ग्राहकाच्या पदरी पडतो. १९७९ मध्ये चलननिर्बंध उठले, परंतु तोपर्यंत या व्यवहाराचा दुसरा एक लाभ लोकांच्या ध्यानी आला होता: पैजेचे उत्पन्न हे भांडवली नफा नव्हे, म्हणून त्यावर भांडवली नफ्याचा कर नाही, आणि शेअर प्रत्यक्ष हस्तांतरित होत नाहीत, म्हणून मुद्रांकशुल्कही नाही. ब्रिटनमध्ये ही सवलत आजही चालू आहे. मात्र तिचा व्यत्यास असा की, तोटा झाल्यास तो अन्य नफ्यातून वजा घालण्याची मुभाही नाही, आणि बहुसंख्य ग्राहक तोट्यातच जात असल्यामुळे सरकारला ही उदारता फारशी महागात पडत नसावी.

बाजारातील व्यवहाराचे अंकगणित धावांच्या अंकगणिताहून वेगळे नाही. लंडनचा एफटीएसई १०० हा निर्देशांक पेढीने ७,९९८ – ८,००२ असा सांगितला आणि कोणी गुणामागे पाच पौंड ठेवून ८,००२ ला खरेदी केली, तर भाव ८,०८० होताच ७८ गुणांचे ३९० पौंड मिळतात आणि ७,८०० होताच २०२ गुणांचे १,०१० पौंड जातात. परंतु येथे जी गोष्ट ध्यानी घ्यावयाची ती अशी की, हा मनुष्य वस्तुतः चाळीस हजार पौंडांच्या मालाची जोखीम पत्करीत असून, त्यासाठी त्याने भरलेली अनामत, जिला बाजारात मार्जिन म्हणतात, अवघी पाच टक्के, म्हणजे सुमारे दोन हजार पौंड असते. निर्देशांक अडीच टक्क्यांनी उतरला, आणि असे एखाद्या आठवड्यात सहज होते, तर त्या अनामतीतील निम्मी रक्कम नाहीशी होते. पेढी मात्र सहसा अशा जोखमीत राहत नाही. खरेदीदार आणि विक्रेते यांची तोंडमिळवणी होऊन जी बाकी राहते, तेवढ्यापुरता ती स्वतः वायदेबाजारात उलट व्यवहार करून मोकळी होऊ शकते. आणि जेथे ती तसे करीत नाही, तेथे ग्राहकाचा तोटा हाच सरळ तिचा नफा होतो. खेळांच्या बाबतीत अशी जोखीम उतरविण्यास मोठा बाजार नाही, म्हणूनच तेथे दोन आकड्यांमधील अंतर ऐसपैस ठेवलेले आढळते.

येथे आपण या विषयाच्या मर्माशी येऊन पोचतो. साध्या पैजेत रक्कम आधीच हाती दिलेली असते, त्यामुळे निकालानंतर देणे उरत नाही. फरकाच्या पैजेत मात्र निकालानंतर कर्ज उत्पन्न होते, आणि कर्ज म्हटले की त्याची वसुली आली, वसुली म्हटली की न्यायालय आले. हा प्रश्न लंडनच्या आधी मुंबईच्या व्यापाऱ्यांनी उपस्थित केला होता, हे फारसे कोणाच्या स्मरणात नाही. कलकत्त्यास होणाऱ्या सरकारी लिलावात पाटण्याच्या अफूच्या पेटीस काय सरासरी भाव येईल, यावर मुंबईत सौदे होत. अफू कोणी घ्यावयाची नसे की द्यावयाची नसे, ठरलेला भाव आणि लिलावाचा भाव यांतील फरक तेवढा चुकता करावयाचा असे. अशाच सौद्यांवरून उद्भवलेला, रामलाल ठाकुरसीदास यांच्या नावाने ओळखला जाणारा खटला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, आणि १८४८ मध्ये लॉर्ड कॅम्बेल यांनी, आपला खेद न लपविता, असा निर्णय दिला की, हिंदुस्थानात लागू असलेल्या तत्कालीन सामान्य कायद्यानुसार पैजेच्या पैशांसाठी दावा लावता येतो. कारण पैजा निरर्थक ठरविणारा १८४५चा इंग्लंडातील कायदा येथे लागू नव्हता. सरकारने त्याच वर्षी २१वा कायदा करून ही वाट बुजविली. पुढे १८७२च्या कराराच्या कायद्यातील ३०व्या कलमाने पैजेचे करार रद्दबातल ठरविले, आणि १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घेरुलाल पारख यांच्या खटल्यात स्पष्ट केले की, असा करार रद्दबातल असला तरी तेवढ्यावरून तो अवैध हेतूचा ठरत नाही. मुंबई इलाख्यात मात्र १८६५च्या खास कायद्यामुळे पैजेस पूरक असलेले करारही निष्फळ ठरत.

इंग्लंडमध्ये चक्र उलट दिशेने फिरले. तेथे १८४५ पासून पैजेचे देणे न्यायालयातून वसूल होत नसे, आणि कित्येक हरलेले ग्राहक या ढालीआड उभे राहू पाहत. परंतु १९८६च्या वित्तसेवा कायद्याने फरकाच्या करारांस या नियमातून वगळले, आणि १९९१ मध्ये सिटी इंडेक्स या पेढीने एका ग्राहकावर लावलेल्या दाव्यात अपील न्यायालयाने निर्देशांकावरील असे देणे वसूल होण्याजोगे आहे असा निकाल दिला. अफूच्या पेटीवरचा जो सौदा मुंबईत बंद झाला, तोच निर्देशांकाच्या रूपाने लंडनमध्ये सुमारे दीडशे वर्षांनी कायद्याच्या संरक्षणास पात्र ठरला.

हे संरक्षण कोणाचे होते, ते १५ जानेवारी २०१५ रोजी कळून आले. स्विस राष्ट्रीय बँकेने सप्टेंबर २०११ पासून युरोचा भाव १.२० फ्रँकच्या खाली जाऊ दिला नव्हता, त्यामुळे तेथवर युरो उतरला की खरेदी करणे बिनधोक, असा समज दृढ झाला होता. त्या सकाळी बँकेने कोणतीही पूर्वसूचना न देता तो आधार काढून घेतला आणि काही मिनिटांत युरो एका फ्रँकच्याही खाली गेला. अमुक भावास व्यवहार आपोआप बंद करावा, अशा ज्या सूचना ग्राहकांनी देऊन ठेवल्या होत्या, त्या निरुपयोगी ठरल्या, कारण मधल्या कोणत्याही भावास समोर घेणारा नव्हता. फ्रँकच्या दशसहस्रांशामागे दहा पौंड ठेवणाऱ्याचे १.२० पासून १.०० पर्यंतच्या घसरगुंडीत वीस हजार पौंड गेले, मग त्याची अनामत दोन हजारांची का असेना. अनेकांच्या खात्यांवर शिल्लक राहण्याऐवजी देणे निघाले, अल्पारी या पेढीची ब्रिटनमधील शाखा दिवाळखोरीत गेली, आणि एफएक्ससीएम या दलालीच्या कंपनीस ग्राहकांकडून २२.५ कोटी डॉलर येणे निघाले.

या अनुभवानंतर युरोपीय बाजार-नियामकाने २०१८ मध्ये जे निर्बंध घातले, आणि ब्रिटनच्या नियामकाने २०१९ मध्ये कायम केले, त्यांचा अर्थ आता सहज उमगेल. प्रमुख चलनांत अनामतीच्या तीसपट, प्रमुख निर्देशांकांत आणि सोन्यात वीसपट, एकेका शेअरमध्ये पाचपट याहून अधिक जोखीम सामान्य ग्राहकास घेता येऊ नये. अनामत निम्म्यावर आली की पेढीने व्यवहार बंद करावा. आणि कोणत्याही परिस्थितीत ग्राहकाचे नुकसान त्याच्या खात्यातील रकमेपलीकडे जाऊ नये. आपले शेकडा किती ग्राहक पैसे गमावतात, हेही प्रत्येक पेढीला जाहिरातीतच छापावे लागते. युरोपीय नियामकाच्या पाहणीत हे प्रमाण ७४ ते ८९ टक्के भरले होते. क्रमाने पाहता, सुमारे पावणेदोन शतकांच्या वादविवादानंतर कायदा पुन्हा घोड्यांच्या शर्यतीतील त्या जुन्या औदार्याशी, म्हणजे हानीस आधीच ठाऊक असलेली सीमा असावी या तत्त्वाशी येऊन ठेपला, हे स्पष्ट होते.

भारतात स्प्रेड बेटिंगला मान्यता नाही, आणि परदेशी पेढ्यांकडे मार्जिनसाठी पैसे पाठविण्याची परवानगीही रिझर्व्ह बँक देत नाही. पण म्हणून हे गणित आपल्या दारी आलेलेच नाही, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. निर्देशांकाचा वायदा हाही मूलतः फरकाचाच सौदा होय, कारण निर्देशांक कोणास घरी नेता येत नाही. तो ३०व्या कलमाच्या तडाख्यात सापडू नये, म्हणूनच मान्यताप्राप्त शेअरबाजारातील असे करार वैध असल्याची तरतूद १९९९ मध्ये प्रतिभूती करार कायद्यात १८अ या कलमाने करण्यात आली, आणि जून २००० मध्ये मुंबईच्या दोन्ही बाजारांत ते सुरू झाले. त्यांना शेतकऱ्यापासून निर्यातदारापर्यंत अनेकांच्या जोखमीचे ओझे वाहणाऱ्या वायदेबाजाराच्या परंपरेत स्थान आहे, आणि पैजेशी त्यांची तुलना करणे बाजाराच्या चाहत्यांस रुचणार नाही. परंतु सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, वायदे आणि ऑप्शन यांत व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के लोक तीन वर्षांच्या अवधीत तोट्यात गेल्याचे आणि त्यांचा एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक असल्याचे आढळले. लंडनच्या जाहिरातींतील आकड्यांशी हा आकडा ताडून पाहिला, तर कायद्याने दिलेले नाव वेगळे असले तरी अंकगणित वेगळे नाही, हे मान्य करावे लागते. तेव्हा कोणी असा व्यवहार सुचविला, तर यात किती मिळेल या प्रश्नाच्या आधी, आपण अगदीच चुकलो तर जास्तीत जास्त किती जाईल, आणि ती सीमा कायद्याने घातलेली आहे, कराराच्या कागदात लिहिलेली आहे, की केवळ आपल्या आशेत आहे, एवढे विचारून घ्यावे; आणि तिसरे उत्तर आल्यास सही करू नये.